खांबाला कोण विचारतं

आत्याच्या अंगात यायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी दिवेलागण झाली की ओटीवर माणसं जमायला लागायची. कुणाची म्हैस आटलेली, कुणाची सून माहेरी जाऊन बसलेली, कुणाच्या पोराला तीन वर्षं नोकरी नाही. आजी निखाऱ्यावर ऊद टाकायची, माजघर धुरानं भरून जायचं, आणि दुपारी माझ्या ताटात भाकरीवर साय वाढणारी आत्या वेगळ्याच आवाजात घुमायला लागायची. केस सुटलेले, कपाळभर मळवट. मी आईच्या पदरामागे. आमचं गाव वाईकडचं, मांढरदेवचा डोंगर रानातून दिसतो, त्यामुळे आत कोण आलंय याबद्दल कुणालाच शंका नव्हती. काळूबाईचं वारं.

वारं गेलं की आत्या तिथंच भुईवर पडायची. आजी पाणी पाजायची, लोक नारळ-खण ठेवून निघून जायचे. दुसऱ्या दिवशी तिचं अंग ठणकत असायचं आणि रात्री आपण काय बोललो यातलं तिला काहीच आठवत नसायचं. लोकांना मात्र शब्दन् शब्द पाठ. 'तुमीच सांगितलं हुतं की आक्का,' असं एक जण म्हणाला तेव्हा ती ज्या नजरेनं त्याच्याकडे बघत राहिली, ती नजर मला आजही आठवते.

उरलेले पाच दिवस ती घरातलं सगळ्यात बिनमहत्त्वाचं माणूस होती. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आलेली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. आम्हा पोरांना तिच्याजवळ झोपू देत नसत. भांडणात तिच्या वाटेला कुणी जात नसे, पण सहज गप्पा मारायलाही कुणी येऊन बसत नसे. माझ्या वडिलांना हे सगळं थोतांड वाटायचं. ते पुण्याहून आले की आजीशी त्यांची जुंपायची: हा आजार आहे, डॉक्टरला दाखवू. आजी म्हणायची, देवीला गोळ्या देतोस व्हय रं? आत्याच्या आत नेमकं काय आहे यावर दोघं तावातावानं बोलत, आणि आत्या चुलीपुढं भाकऱ्या थापत बसलेली असे.

हे सगळं मी विसरलो होतो. खरं तर विसरायचं म्हणून विसरलो होतो. पुण्यात इंजिनीअरिंगला गेल्यावर 'आत्याच्या अंगात येतं' हे सांगण्यासारखं राहत नाही. ते परत वर आलं एका जपानी कार्टूनमुळे, हॉस्टेलच्या खोलीत, रात्री दोन वाजता.

२००९ साल असावं. मजल्यावर एक पेन ड्राइव्ह फिरायचा. त्यात 'नारुतो'चे भाग असत, जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं. जपानात दर गुरुवारी नवा भाग लागायचा, शुक्रवारपर्यंत तो आमच्याकडे पोचलेला असायचा. मी उशिरा सामील झालो, म्हणून आधी पहिल्या मालिकेचे २२० भाग. मासाशी किशिमोतोनं ही चित्रकथा १९९९ मध्ये सुरू केली, २०१४ मध्ये ७०० प्रकरणांवर संपवली. त्यावरची ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, २००२ पासून २०१७ पर्यंत चालली. त्यातले किती भाग नुसते वेळकाढू फिलर आहेत यावर आमच्या मेसमध्ये ताटं थंड व्हायची, पण तो विषय वेगळा.

गोष्टीची सुरुवात अशी. निन्जांचं एक गाव आहे, कोनोहा. बारा वर्षांपूर्वी त्या गावावर नऊ शेपट्यांचा एक अवाढव्य कोल्हा चालून आला. गावाच्या चौथ्या प्रमुखानं प्राण देऊन त्याला बंद केलं. कशात? गुहेत नाही, घड्यात नाही. त्याच रात्री जन्मलेल्या पोराच्या पोटात. बेंबीभोवती मोहोर उमटवली, झालं. तेच पोर म्हणजे नारुतो. तिसऱ्या प्रमुखानं फर्मान काढलं की त्या पोराच्या आत काय आहे हे कुणी बोलायचं नाही. म्हणून मोठी माणसं बोलली नाहीत. नुसतं तोंड फिरवलं. त्यांच्या पोरांनी कारण न कळताच तोंड फिरवणं उचललं. आणि नारुतो शाळेबाहेरच्या झाडाच्या झोक्यावर एकटा बसून इतर मुलांना न्यायला आलेल्या आया बघत राहिला.

त्या झोक्यापाशी मी लॅपटॉप थांबवला. खोलीतला मित्र म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, पाणी पिऊन येतो.

अशा माणसाला मालिकेत जिन्चूरिकी म्हणतात आणि आतल्या जनावराला बिजू. बिजू म्हणजे सरळच, शेपटीवालं जनावर. एकूण नऊ आहेत, एका शेपटीपासून नऊ शेपट्यांपर्यंत. जिन्चूरिकी या शब्दाचा अर्थ मात्र मला पुष्कळ उशिरा कळला आणि कळल्यावर मी गारच पडलो. तो तीन चित्राक्षरांचा आहे: माणूस, खांब, शक्ती. यातली पहिली दोन अक्षरं निराळ्या उच्चारानं वाचली की होतं 'हितोबाशिरा', माणसाचा खांब. जपानमध्ये पूल, बंधारा, किल्ला टिकत नसेल तर जिवंत माणूस पायात गाडल्याच्या दंतकथा आहेत, आणि त्या गाडलेल्या माणसाचं नाव हितोबाशिरा. किशिमोतोनं त्या जुन्या शब्दाला 'शक्ती' जोडली. कोनोहातल्या त्या झोक्यावर बसलेलं पोर म्हणजे गावाच्या पायात घातलेलं माणूस.

मला हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. लहानपणी आमच्या नदीवर पुलाचं काम चालू होतं तेव्हा आजी आम्हाला तिन्हीसांजेनंतर बाहेर सोडत नसे. पुलाला पोर लागतं म्हणे, पोतं घेऊन माणसं फिरतात. महाराष्ट्रात माझ्या वयाच्या किती जणांनी हे ऐकलं असेल! पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथाही याच जातीची: बुरूज उभा राहीना, सारखा ढासळायचा, तेव्हा एका नवराबायकोला पायात पुरलं. जोडपं कुठलं, तर गावकुसाबाहेरचं, महारवाड्यातलं. फुकुई प्रांतातल्या मारुओका किल्ल्याची गोष्ट ओशिझू नावाच्या एका डोळ्यानं अधू असलेल्या गरीब विधवेची आहे. मुलाला सामुराई करू या शब्दावर ती खांबाखाली जायला तयार झाली. किल्ला उभा राहिला, शब्द पाळला गेला नाही. दर वसंतात पावसानं खंदक भरायचा, त्याला तिथले लोक ओशिझूच्या आसवांचा पाऊस म्हणायचे. पायात कुणाला घालायचं हे सगळीकडे किती चटकन ठरतं बघा.

पण मला सगळ्यात आवडते ती आठव्या शतकातल्या जपानी बखरीतली गोष्ट. निन्तोकू सम्राटाच्या काळात एका नदीला बांध घालत होते आणि दोन ठिकाणी तो सारखा फुटत होता. सम्राटाला स्वप्न पडलं की दोन माणसं नदीच्या देवाला द्या. नावंसुद्धा सांगितली. पहिला, कोवाकुबी, रडत रडत पाण्यात उतरला आणि बुडाला. दुसरा, कोरोमोनोको, दोन भोपळे घेऊन आला. भोपळे म्हणजे कडू भोपळे, तुंबे, पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसले. ते नदीत फेकून तो म्हणाला, देव खरा असेल तर त्यानं हे बुडवून दाखवावेत, मग मी येतो. वावटळ आली, पाणी घुसळलं, भोपळे काही बुडेनात. तरंगत निघून गेले. कोरोमोनोको घरी गेला. आणि बांध? तोही पुरा झाला, त्याच्याशिवाय.

'नारुतो'मध्ये गारा नावाचं एक पोर आहे. त्याच्या पाठीवर कायम एक मोठा भोपळा असतो, आत वाळू भरलेला. किशिमोतोच्या डोक्यात कोरोमोनोको होता असा माझा दावा नाही. मला तो दिसतो, एवढंच.

गारा वाळवंटातल्या गावाचा, तिथल्या प्रमुखाचा, काझेकागेचा मुलगा. इथे मालिका आपल्या दंतकथांपेक्षा वेगळं वळण घेते. पुरंदरला पायात घालायला परका, खालचा माणूस धरला. इथे सत्ताधाऱ्यांनी घरचंच माणूस दिलं: नारुतो कोनोहाच्या चौथ्या प्रमुखाचा, होकागेचा मुलगा, गारा काझेकागेचा, आणि आठशेपटीचा जिन्चूरिकी किलर बी तिसऱ्या एका गावाच्या प्रमुखाचा, रायकागेचा मानलेला भाऊ. ते त्याग म्हणून नाही. शस्त्र घरातल्याच्याच हातात हवं म्हणून. गारा आईच्या पोटात असतानाच एक शेपटीचा शुकाकू त्याच्यात बंद केला, त्यात आई गेली. झोप लागली तर आतलं जनावर आपल्याला खाऊन टाकील या धास्तीनं तो रात्ररात्र जागा. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. मग बापाला वाटलं, हे शस्त्र हाताबाहेर गेलंय, आणि त्यानं मारेकरी पाठवले. त्यातला एक तर ज्यानं त्याला लहानाचं मोठं केलं तो सख्खा मामा. त्या रात्रीनंतर गाराच्या कपाळावर 'प्रेम' हे अक्षर कोरलं गेलं, ते आपण फक्त स्वतःवरच प्रेम करायचं या अर्थानं.

मला गारा पहिल्यापासून नारुतोपेक्षा खरा वाटत आलाय. नारुतो झिडकारल्यावर विदूषकी करतो, भिंतींवर रंग फासतो, रामेन खातो, हसतो. बहुतेकांना हे जमत नाही. गाराला जमलं नाही. पण त्याला भेटणाऱ्यांच्या डोळ्यांतली भीती मला ओळखीची होती, कारण ती माझ्या डोळ्यांत होती. साय वाढायला वाकलेल्या आत्याचा हात पुढं आला की मी ताट किंचित मागे ओढत असे. तिला ते दिसत असणारच.

आतल्या ताकदीचं वर्णन करताना मालिका कुठंही गोड होत नाही, हे मला फार मानवलं. राग अनावर झाला की नारुतोच्या अंगाभोवती लाल चक्रा उकळायला लागते. (हो, 'चक्रा'. आपलाच शब्द तिकडे फिरून आला की त्याला शेवटी काना लागतो.) मग एकेक शेपटी फुटते. चौथीला कातडी जळून रक्तात मिसळते आणि पोर नाहीसं होतं, उरतं नुसतं जनावर. तेन्ची पुलावरच्या प्रसंगात, पुन्हा पूलच, तो अशा अवस्थेत आपल्याच मैत्रिणीला, साकुराला जखमी करतो. शुद्धीवर येतो तेव्हा त्याला काहीच आठवत नाही. तिच्या दंडावरचं बघून विचारतो, हे कुणी केलं? ती म्हणते, काही नाही, लागलं लढताना. दुसरं कुणीतरी त्याला नंतर खरं सांगतं. आपण काय केलं हे लोकांकडून ऐकून घ्यावं लागणं. आक्का, तुमीच सांगितलं हुतं की.

गोष्टीच्या मागे एक राजकारण आहे आणि ते किशिमोतोनं चोख रचलंय. षड्मार्गांचा ऋषी म्हणून एक आदिपुरुष. त्यानं दहा शेपट्यांच्या एका महाभयंकर शक्तीचे नऊ भाग केले. त्यातून नऊ जनावरं घडवली, प्रत्येकाला नाव दिलं आणि मरताना पोटच्या पोरांसारखं जवळ घेऊन बोलला. मग पिढ्या गेल्या. पहिल्या होकागेनं, हाशिरामानं, मोकाट बिजूंना पकडलं आणि शांतता टिकावी म्हणून निरनिराळ्या गावांना वाटून टाकलं. म्हणजे शस्त्रांचा समतोल. ज्या देशावर १९४५ मध्ये दोन अणुबाँब पडले त्या देशातल्या माणसानं हे लिहिलंय, हे वाचताना विसरता येत नाही. वाटपात नावं गळून पडली. राहिले आकडे: एकशेपटी, दोनशेपटी, नऊशेपटी. गोदामातल्या पोत्यांवर असतात तसे.

नावं मात्र काय सुरेख आहेत! बिजूंची नावं उकलत बसणं हा माझा कित्येक महिन्यांचा छंद होता. दोनशेपटी मांजर माताताबी: ही एक वेल आहे, तिच्या वासानं मांजरं खुळावतात. आठशेपटी बैल-ऑक्टोपस ग्यूकी: बैलाच्या डोक्याच्या एका जुन्या समुद्री राक्षसाचंच नाव. चारशेपटी वानर सोन गोकू: चिनी पुराणातला वानरराज, जपानी उच्चारात. शुकाकूचं मूळ गुन्मा प्रांतातल्या मोरिन्जी मठात आहे. तिथला शुकाकू नावाचा भिक्षू म्हणे मुळात तानुकी होता, कोल्ह्याकुत्र्यासारखं दिसणारं, रूपं बदलणारं जनावर, आणि त्याच्या चहाच्या किटलीतलं पाणी कधी संपत नसे. त्या किटलीचं नाव बुनबुकू. मालिकेत गाराच्या आधी शुकाकू ज्याच्यात होता त्या म्हाताऱ्या भिक्षूचं नावही जवळजवळ तेच, बुनपुकू. तो कैदेत आहे, सगळे त्याला राक्षस म्हणतात, आणि शुकाकूशी असा वागणारा तो पहिलाच माणूस की आत कुणी भाडेकरू नाही, सोबती आहे. त्याच्या एका तळहातावर 'हृदय' हे अक्षर, दुसऱ्यावर 'स्वीकार'. दोन्ही हात जुळवले की अक्षरं एकमेकांत बसून 'प्रेम' हे अक्षर होतं. गाराच्या कपाळावरचं. पंधरा वर्षं चालणाऱ्या साप्ताहिक चित्रकथेत माणसानं असा धागा इतक्या उशिरा ओढून आणावा, याला मी तरी नमस्कार करतो.

कोल्ह्याचं नाव कुरामा. क्योतोच्या उत्तरेला त्या नावाचा डोंगर आहे. नऊ शेपट्यांचा कोल्हा मात्र किशिमोतोच्या आधी कित्येक शतकांपासून जपानात हिंडतोय. तोबा सम्राटाच्या दरबारातली देखणी, विदुषी तामामोनोमाए ही मुळात नऊशेपटी कोल्हीण होती. उघडकीला आल्यावर ती नासूच्या माळावर पळाली, मारली गेली आणि तिचा दगड झाला. त्याच्या जवळ जाईल तो मरतो, म्हणून त्याला मारेकरी दगड म्हणतात. जमिनीतून विषारी वायू येतात, त्यामुळे गोष्ट अगदीच निराधार नाही. हायकू लिहिणारा कवी बाशो १६८९ मध्ये तिथे गेला तेव्हा त्याला भोवती मेलेल्या मधमाश्या-फुलपाखरांचा खच दिसला होता. मार्च २०२२ मध्ये तो दगड दुभंगला. त्या आठवड्यात 'नारुतो' बघितलेल्या प्रत्येकानं प्रत्येकाला तो फोटो पाठवला असेल. मला तीन जणांकडून आला.

याच कोल्हिणीच्या पूर्वजन्मांची कहाणी वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. जपानला येण्याआधी ती चीनमध्ये होती आणि त्याआधी 'तेन्जिकू'त, म्हणजे आपल्याकडे. हान्झोकू नावाच्या राजपुत्राची ती राणी, आणि तिच्या नादानं तो हजार राजांची मुंडकी मागत सुटला. हान्झोकू म्हणजे ठिपकेदार पायांचा. म्हणजे आपला कल्माषपाद, बौद्ध कथांच्या गाड्यात बसून तिकडे पोचलेला. आदिपर्वातला कल्माषपाद आठवतो? अरुंद वाटेवर वसिष्ठाच्या मुलाला, शक्तीला त्यानं चाबूक मारला, शाप घेतला, आणि विश्वामित्राच्या सांगण्यावरून किंकर नावाचा राक्षस राजाच्या अंगात शिरला. बारा वर्षं राहिला. त्या बारा वर्षांत राजानं वसिष्ठाची शंभर मुलं खाल्ली. म्हणजे नऊशेपटीची गोष्ट मागे मागे नेली तर शेवटी अंगात दुसरं कुणी शिरलेल्या एका माणसापाशीच येऊन थांबते. वसिष्ठानं मंत्रलेलं पाणी शिंपडून त्याला मोकळं केलं, आणि तो अयोध्येला परत गेला, लोकांनी स्वागत केलं. त्या बारा वर्षांतलं त्याला काय आठवत होतं, राक्षसाला कसं वाटत होतं, यावर व्यासांना बोलायला सवड नाही.

किशिमोतोनं ती सवड काढली. नारुतोच्या आत एक ओलसर, अंधारी जागा आहे, पाणी साचलेलं, आणि पुढे अजस्र गज. गजांमागे कोल्हा. नारुतो तिथे जातो तो शक्ती मागायला. कोल्हा देतो, व्याजासकट वसूल करतो. हा व्यवहार कितीतरी वर्षं चालतो आणि या सगळ्या काळात पोरगं कोल्ह्याला एकदाही विचारत नाही की बाबा रे, तुझं नाव काय? ज्याला स्वतःला गावानं नावानं हाक मारली नाही, त्याच्याही डोक्यात ते येत नाही. मालिकेतल्या महायुद्धात सोन गोकू त्याला लांबलचक बिरुदावलीसकट आपलं नाव ऐकवतो आणि चारशेपटी म्हटलं की कसा भडकतो, तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. नारुतोचं वय तेव्हा सतरा-एक. मग दोघं मुठीला मूठ टेकवतात आणि कोल्ह्याचा राग असा निवळतो की जणू कधी नव्हताच. इथे मला किशिमोतो थोडा घाईत वाटतो. शतकभर कोंडून ठेवलेल्याचा राग एवढ्यात जात नसतो. पण नावाची ती जागा अचूक आहे, तिच्यासाठी बाकीचं मी सोडून देतो.

एक गोष्ट मात्र सोडवत नाही. बायका. कुरामा नारुतोच्या आधी त्याच्या आईत होता, कुशिनात. तिच्या आधी मितोत. कुशिनाला लहानपणी परक्या गावातून आणलं ते मुळी भांडं म्हणूनच. म्हाताऱ्या मितोनं तिला सांगितलं, तू भांडंच होणार आहेस, पण आधी स्वतःला मायेनं भर. बाळंतपणात बाईवरची मोहोर सैल पडते, हा नियम. म्हणजे ज्या क्षणी ती आई होते त्याच क्षणी तिच्यातून कोल्हा ओढून काढता येतो. आणि काढला की जिन्चूरिकी मरतो. कुशिना मरते. गाराची आई तर जिन्चूरिकीही नव्हती, तरी मरते. माताताबीची युगितो आणि सातशेपटी चोमेईची फू, या दोघींना मूळ चित्रकथेत जेमतेम काही पानं. युगितो दिसते न दिसते तोच संपते. पुरुष जिन्चूरिकी राजा होतो, होकागे होतो, रॅप गात हिंडतो. बाईच्या वाट्याला भांडं होणं आणि पुढच्या भांड्याला जन्म देणं. हॉस्टेलात मला हे दिसलं नव्हतं. आम्ही बावीस पोरं मिळून बघत होतो आणि एकालाही दिसलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. बहीण आणि तिचा पोरगाही आले होते. तो आठवीत, नारुतोचा कट्टर भक्त, आणि पुढची मालिका, नारुतोच्या पोराची, तिच्यापर्यंत पोचलेला. दुपारी उन्हाच्या तापानं सगळे माजघरात आडवे. त्यानं लॅपटॉप कणगीला टेकवून भाग लावला. आत्या भिंतीला पाठ लावून सुपारी कातरत होती. तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर. आजी गेली, वडील गेले. वारं यायचं थांबूनही सात-आठ वर्षं झाली. का थांबलं हे कुणी विचारलं नाही. ओटीवर येणारी माणसं दुसऱ्या गावच्या बाईकडे जायला लागली, एवढंच.

भाग नेमका तो होता. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून जावं. मोठा झालेला नारुतो, होकागे, शेवटची ताकद वापरतो. कुरामानं त्याला सांगितलंय की या ताकदीची किंमत मोजावी लागेल, आणि नारुतोनं गृहीत धरलंय की मरणार तो आपणच. लढाई संपल्यावर कळतं की किंमत कोल्हा स्वतःच मोजतोय. खोटं तो बोललेला नाही, फक्त गैरसमज तसाच राहू दिलाय. त्या आतल्या ओलसर जागेत दोघं समोरासमोर बसतात, गज कधीचेच गेलेले, आणि कोल्हा विरत जातो.

माझा भाचा नाक ओढत होता. आत्याचं कातरणं थांबलेलं.

"ह्यो कोल्हा मेला व्हय रं?"

"हो ना आजी."

"कोन हुता?"

भाच्यानं सगळं सांगितलं. फार छान सांगितलं; पोरं आपल्याला आवडलेली गोष्ट सांगतात तेव्हा काय गाळायचं ते त्यांना बरोबर कळतं. कोल्ह्यानं गाव मोडलं, त्याला पोराच्या पोटात बंद केलं, गाव पोराला भ्यायचं, मग दोघांची दोस्ती झाली.

"नाव काय म्हनलास त्याचं?"

"कुरामा."

"कुरमा?" तिला हसू आलं. "कोल्ह्याचं नाव कुरमा ठिवत्यात व्हय." मग जरा थांबून, "किती वर्सं हुता पोटात?"

भाच्यानं बोटांवर हिशेब केला. "तीस-बत्तीस."

"माज्यात येकेचाळीस," आत्या म्हणाली.

भाचा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्या बहिणीनंही ते विसरायचं म्हणूनच विसरलेलं. मी पालथा पडलो होतो तो उठून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याबद्दल काही विचारायची हिंमत केली.

"आत्या, थांबलं तेव्हा बरं वाटलं का गं?"

"घर मोकळं झाल्यागत झालं."

"म्हणजे बरंच की."

"मोकळ्या घरात तू ऱ्हाऊन बघ की चार दिस." तिनं सुपारीची दोन खांडं तोंडात टाकली. पडद्यावर नारुतो रिकाम्या जागेकडे बघत बसला होता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "त्या पोरानं नाव तरी इचारलं त्येला. समदी काळूबाई काळूबाई करत आली. म्या कवा म्हनलं हुतं का, काळूबाई हाय म्हनून?"

अंगावर काटा आला. माजघरात फक्त पंख्याची घरघर.

"मग कोण होतं, आत्या?"

तिनं अडकित्ता मिटला, पदरानं हात पुसले आणि भाच्याला कोपरानं ढोसलं.

"लाव तू म्होरलं."